मॅनेजरांसाठी ‘मेंदू आणि निर्णय’ कार्यशाळा, बडोदा : पहिला दिवस ऐकून सोडा, दुसरा घेऊन जा

अलकापुरीतल्या एका हॉटेलात भरणाऱ्या या दोन दिवसांच्या कार्यशाळेबद्दल मकरपुरा, वाघोडिया, नंदेसरी भागातल्या कारखान्यांत सध्या बरीच विचारणा होते. फी १४,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे माणशी १७,११० पडतात. त्यात दोन्ही दुपारचं जेवण, चहा, ८४ पानांचं हँडबुक आणि चार छापील तक्त्यांचा संच येतो. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. एका तुकडीत २४ जण असतात, सहा-सहांची चार टेबलं. बोलणं गुजराती, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी माणसाला ती रोजचीच.

मेंदू सगळा पहिल्या दिवशी येतो आणि उपयोगाचं जवळपास सगळं दुसऱ्या दिवशी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जितका सांगितला जातो तितका नाही.

सुरुवात मेंदूच्या चित्राने होते. करड्या रंगावर बदामाएवढा लाल ठिपका: ‘हा अमिग्डाला (भीती-रागासारख्या भावनांशी जोडला जाणारा मेंदूतला भाग), हाच तुमच्यातला चिडका मॅनेजर.’ हशा पिकतो आणि पुढचं सगळं पटत जातं. हे पटणंच आधी तपासायला हवं. २००८ साली डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही मानसशास्त्रीय स्पष्टीकरणं वाचायला दिली, काही चांगली, काही मुद्दाम गोल फिरणारी. त्यांत ‘मेंदूच्या अमुक भागात हालचाल दिसली’ असं विषयाला काहीही न जोडणारं एक वाक्य घातलं, की सामान्य वाचकांना आणि मेंदूविज्ञान शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यांनाही वाईट स्पष्टीकरण बरं वाटू लागलं. तज्ज्ञ फसले नाहीत. निर्णयातल्या चुका शिकवणारी कार्यशाळा या चुकीवरच उभी राहून सुरू होते.

लाल ठिपक्याचा अर्थ हँडबुकात कुठेच नीट सांगितलेला नाही. असे ठिपके एफएमआरआय नावाच्या मेंदू-स्कॅनमधून येतात. हे यंत्र विचार मोजत नाही, विजेचे संदेशही मोजत नाही. ते रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक टिपतं. पेशींनी काम केल्यावर हा फरक पाच-सहा सेकंदांनी टोकाला पोचतो. चित्रातल्या तीन मिलिमीटरच्या एका चौकोनी ठिपक्यात लाखो पेशी असतात. शिवाय रंग म्हणजे फोटो नव्हे, तो आकडेशास्त्राने काढलेला निष्कर्ष असतो. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’, आणि हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना लागणारी दुरुस्ती न करता हिशेब केला. माशाच्या मेंदूत हालचाल सापडली. दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली. पहिल्या तासात दाखवायचं हे एकच चित्र होतं, आणि तेच नाही.

दुसरी गफलत उलट्या वाटेची. पैसे वाटून घेण्याच्या खेळात अन्याय्य वाटणी समोर आली की इन्सुला नावाचा भाग जास्त काम करतो, हे अ‍ॅलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, ते ठीक. पण म्हणून ‘इन्सुला पेटला म्हणजे माणसाला अन्याय वाटला’ असं म्हणता येत नाही. तोच भाग वेदनेत, किळस आल्यावर, छातीतले ठोके जाणवताना, नुसतं लक्ष लावतानाही काम करतो. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या उलट अनुमानावर बोट ठेवलं, तरी प्रशिक्षणाच्या धंद्यात ते सर्रास चालतं. आणि साधी गोष्ट अशी की पर्चेस मीटिंगमध्ये सप्लायरशी घासाघीस करणाऱ्या मॅनेजरचा मेंदू कोणी पाहिलेला नाही. यंत्रात माणूस डोकं न हलवता आडवा पडलेला असतो आणि हातात दोन बटणं असतात.

बाकी पहिल्या दिवसाचं भराभर. सरडा, सस्तन, माणूस असे मेंदूचे तीन मजले: पॉल मॅक्लीनची १९६०च्या दशकातली ही मांडणी उत्क्रांती अभ्यासणाऱ्यांनी कधीच मागे टाकली आहे, जुन्या वाड्यावर नवा मजला चढवावा तसा मेंदू घडलेला नाही. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कल्पक: यूटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजारावर मेंदूंची चित्रं तपासली, तिथे ‘डावी’ आणि ‘उजवी’ माणसं सापडली नाहीत. १८४८ मध्ये डोक्यातून पहार आरपार गेलेला फिनियस गेज हँडबुकात अख्खं पान खातो आणि शेवटी ‘कायमचा बेजबाबदार’ ठरतो; त्याने नंतर चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकण्याची नोकरी केली, हे त्या पानावर नाही.

डोपामाइनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं मात्र महागात पडणारी चूक आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन सोडणाऱ्या पेशींची हालचाल नोंदली. आधी रस मिळाल्यावर पेशी उसळत. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, की उसळी दिव्यावर आली आणि रसावर काहीच राहिली नाही. दिवा लागून रस आला नाही, तर रसाच्या नेमक्या वेळेला पेशी थंडावल्या. म्हणजे हिशेब बक्षिसाचा नव्हता, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा होता. धनतेरसच्या आधी मिळणारा ठरलेला बोनस कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटवत नाही आणि तोच पाचशेने कमी आला की महिनाभर कुरकुर चालते, हे कुठलाही शिफ्ट इन्चार्ज सांगेल. माकडाच्या पेशीपासून बोनसपर्यंतची उडी लांबच आहे, तिला पुरावा म्हणू नये. पण ‘दर आठवड्याला छोटं बक्षीस द्या, डोपामाइन वाढेल’ हा हँडबुकातला सल्ला त्याच संशोधनाच्या उलट जातो: आठवड्याचं बक्षीस चौथ्या आठवड्याला अपेक्षित होतं.

पहिल्या दिवसाची खरी कमाई दुपारच्या पत्त्यांच्या खेळात आहे. तीही कार्यशाळा अर्धी वाया घालवते.

हा आयोवा विद्यापीठातला खेळ. अँटोइन बेखारा, अँटोनियो दमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो मांडला. चार गड्ड्या, इथे त्यांना अ, ब, क, ड म्हटलं आहे. खेळणारा एकेक पत्ता उचलतो, एकूण १००. अ आणि ब मध्ये प्रत्येक पत्त्याला १०० मिळतात, क आणि ड मध्ये ५०. पण मधूनमधून दंड लागतो. अ मध्ये दहा पत्त्यांत पाच दंड, मिळून १,२५०. ब मध्ये दहात एकच दंड, पण तो १,२५०चा. क मध्ये पाच छोटे दंड, मिळून २५०. ड मध्ये एकच, २५०चा. म्हणजे दर दहा पत्त्यांमागे अ आणि ब २५० बुडवतात, क आणि ड २५० देतात. निरोगी माणसं हळूहळू क-डकडे सरकतात. कपाळामागच्या खालच्या भागाला इजा झालेले रुग्ण तोटा होत असूनही अ-बमधून उचलत राहतात, असं मूळ अभ्यासात दिसलं.

इथे वेळ कमी पडतो म्हणून खेळ चाळिसाव्या पत्त्याला थांबवतात. चाळीस पत्ते चार गड्ड्यांत वाटले गेले, तर प्रत्येकीतून दहाच्या आसपास उचलले जातात. ब चा एकुलता मोठा दंड काहींना लागलेलाच नसतो. तेवढ्यावर फळ्यावर निष्कर्ष येतो: ‘तुमच्या मनाला आधीच कळलं होतं, डोक्याला नंतर.’ टिआगो माया आणि जेम्स मॅक्लेलँड यांनी २००४ मध्ये खेळणाऱ्यांना मधेमधे नेमके प्रश्न विचारले, तेव्हा चांगलं खेळणाऱ्यांना बहुतेक वेळा कारण शब्दांत सांगता येत होतं. ‘आतला आवाज आधी’ हा दावा तेव्हापासून डळमळीत आहे.

कामाचं आहे ते ब गड्डीत. नंतरच्या अभ्यासांत निरोगी माणसंही ब कडे ओढली जातात असं वारंवार दिसलं: नऊदा छान, दहाव्यांदा दणका. गॅस्केट चार रुपयांनी स्वस्त देणारा आणि दहातली एक खेप फेल होणारा सप्लायर ही हुबेहूब ब गड्डी आहे. खरेदीवाल्याला नऊ खेपांचा फायदा दिसतो. दहाव्या खेपेचा खर्च मेंटेनन्सच्या खात्यात पडतो, त्यामुळे तो शिकतच नाही. ट्रेनरनी हा अर्धा तास इथे घालवला असता, तर फीचा एक भाग वसूल झाला असता. टेबलावर चार जण पर्चेसचे असतील, तर शंभर पत्ते पुरे करायचा आग्रह धरा. जेवणानंतरच्या मेंदूरचनेच्या व्याख्यानातून वीस मिनिटं सहज निघतात. डाळ-ढोकळी आणि श्रीखंड झाल्यावर दोन वाजता ते व्याख्यान तसंही कोणी ऐकत नाही.

अंतर्मनाचा कौल कधी मानायचा, हा मॅनेजरचा खरा प्रश्न, आणि हँडबुकात त्यावर एक ओळही नाही. ही या कार्यशाळेतली सर्वांत मोठी उणीव. डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन, एक अंतर्ज्ञानावर शंका घेणारा आणि दुसरा त्याचा पक्षपाती, या दोघांनी २००९ मध्ये एकत्र बसून उत्तर लिहिलं. दोन अटी: कामात नियमित खुणा असल्या पाहिजेत आणि आपलं बरोबर की चूक हे लवकर, स्पष्ट कळत राहिलं पाहिजे. बॉयलरच्या आवाजावरून गडबड ओळखणारा वीस वर्षं जुना ऑपरेटर दोन्ही अटी पुऱ्या करतो, त्याचं ऐका. ‘माणूस बघितला की कळतं’ म्हणणारा एचआर मॅनेजर दुसऱ्या अटीत नापास होतो, कारण नाकारलेले उमेदवार पुढे कसे निघाले हे त्याला कधीच कळत नाही.

थकव्याचा तास अर्धा खरा आहे. हँडबुक म्हणतं, निर्णय घेऊन मेंदूची साखर संपते, म्हणून चॉकलेट खा. मेंदू विश्रांतीतही शरीराची साधारण २० टक्के ऊर्जा वापरतो. अवघड विचाराने त्यात पडणारी भर अगदी थोडी असते. इच्छाशक्ती वापरून संपते हा प्रयोग २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, परिणाम शून्याच्या आसपास निघाला. जेवणाआधी इस्रायली न्यायाधीश पॅरोल नाकारतात हा २०११चा अभ्यास इथेही येतो. सुट्टीनंतर सुमारे ६५ टक्के मंजुरी आणि सत्राच्या शेवटी जवळजवळ शून्य, हे आकडे प्रसिद्ध आहेत. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं सत्राच्या शेवटी लागत, हा त्याच वर्षी घेतलेला आक्षेप तितका प्रसिद्ध नाही.

झोपेचं मात्र पक्कं आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, असं ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ मध्ये मोजलं. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. (दारूबंदीच्या गुजरातेत हे उदाहरण देताना ट्रेनर जरा चाचरतात.) सकाळी सहाला उठलेला प्लांट हेड शटडाउनच्या रात्री दोन वाजता ‘चालू करून टाका’ म्हणतो, तेव्हा तो वीस तास जागा असतो. उपाय चॉकलेट नाही: पुन्हा सुरू करण्याच्या अटी दिवसा लिहून ठेवायच्या, आणि रात्री त्या मोडायच्या असतील तर झोप झालेल्या दुसऱ्या माणसाची सही घ्यायची.

दुसरा दिवस चार तक्त्यांचा आहे, आणि इथे पैसे वसूल होतात.

चिठ्ठीचा तक्ता सर्वांत सोपा. अंदाज हवा असेल, समजा कामाला किती दिवस, किती लाख, तर चर्चेआधी प्रत्येकाने आकडा लिहून चिठ्ठी घडी करून द्यायची, मग सगळ्या एकदम उघडायच्या, मधला आकडा वर लिहायचा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त लिहिणाऱ्यांनी कारण सांगायचं. आधी ऐकलेला आकडा पुढच्यांना चिकटतो, तो अगदी निरर्थक असला तरी. ट्वर्स्की आणि कानेमान यांनी १९७४ च्या लेखात दिलेला प्रयोग असा: लोकांसमोर चक्र फिरवलं, ते १० किंवा ६५ वर थांबेल अशी सोय होती, मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असं विचारलं. १० पाहिलेल्यांचं मधलं उत्तर २५, ६५ पाहिलेल्यांचं ४५. चक्राच्या जागी शेठ बसवा. घरच्या मालकीच्या कंपन्यांत शेठनी ‘चाळीसमध्ये होऊन जाईल’ म्हटलं की पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या अडतीस ते बेचाळीस. म्हणून शेठची चिठ्ठी शेवटी उघडायची, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून आकडे ठोकळेवजा लिहायचे. ही शेवटची युक्ती तक्त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे, वाचायला विसरू नका.

दुसरा तक्ता प्री-मॉर्टेम, म्हणजे आधीच केलेला पंचनामा. कल्पना गॅरी क्लाइनची. कृती अशी: निर्णय जवळपास ठरला आहे पण पैसे गेलेले नाहीत, अशा वेळी बसायचं. एकाने वाचून दाखवायचं, ‘आज पुढच्या वर्षीचा ३१ मार्च. प्रकल्प पार फसला आहे.’ ‘फसू शकतो’ नाही, ‘फसला आहे’. तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने कारणं लिहायची. मग एकेकाने एकच कारण सांगायचं, सर्वांत ज्युनिअरपासून सुरुवात, साहेब शेवटी. फळ्यावर वीस-पंचवीस कारणं येतात. त्यांतली तीन निवडून प्रत्येकासमोर माणूस आणि तारीख. एकूण वेळ ३५ मिनिटं. जमतं का, तर जमतं, कारण ‘हे फसेल’ म्हणणारा एरवी अपशकुनी ठरतो; इथे फसण्याचं कारण न सापडणारा बावळट दिसतो.

बिघडतं कुठे? पहिलं, ऑर्डर गेल्यावर केलं तर ते नाटक होतं. दुसरं, ‘कम्युनिकेशन कमी पडलं’ असली कारणं. ट्रेनर ती फाडून टाकायला लावतात आणि ‘हायड्रो टेस्टचा रिपोर्ट नऊ दिवस मेलमध्येच राहिला’ असं लिहून घेतात, हे उत्तम. तिसरं बडोद्याचं खास. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून प्रत्येक टेबलावर पहिलं कारण पूर. ताजी आणि डोळ्यांसमोर येणारी आठवण जास्त शक्य वाटते. म्हणून पुराच्या नावाने नऊ चिठ्ठ्या आणि एकुलता वेल्डर लग्नाला गावी गेला याची एकही नाही. यावर ट्रेनरकडे तोड आहे: लिहून झाल्यावर ‘आता पाऊस सोडून’ म्हणत दुसऱ्या तीन मिनिटांची फेरी. चांगली कारणं याच फेरीत निघतात.

मुलाखतीचा तक्ता १९५५ मधल्या इस्रायली सैन्यातल्या कानेमानच्या कामावर बेतलेला आहे. सहा गुण, प्रत्येकाला १ ते ५, एक गुण पुरा करून अंक लिहिल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, एकूण मत अगदी शेवटी. पहिल्या छापाचा रंग पुढच्या अंकांवर चढू नये एवढाच हेतू. छापील गुणांतला ‘सकारात्मक दृष्टिकोन’ खोडून तिथे कामाशी संबंधित, प्रश्न विचारून तपासता येईल असं काही घाला.

चौथा तक्ता निर्णयवही, आणि सगळ्यात मोलाचा तोच. एका पानावर एक निर्णय: तारीख-वेळ, निर्णय एका वाक्यात, नाकारलेले किमान दोन पर्याय, काय होईल, आकडा आणि तारखेसह, किती टक्के खात्री, कालची झोप किती तास, पुन्हा पाहण्याचा दिवस. ‘विक्री सुधारेल’ चालत नाही, ‘३० सप्टेंबरपर्यंत रिजेक्शन ४ टक्क्यांखाली येईल, खात्री ७० टक्के’ चालतं. निकाल लागला की गुण काढायचे. रीत ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी सुचवली. झालं तर १, नाही झालं तर ०; त्यातून तुमची खात्री वजा करा आणि वर्ग करा. ९० टक्के म्हणालात आणि झालं, तर ०.०१. ९० म्हणालात आणि झालं नाही, तर ०.८१. ६० म्हणालात आणि झालं नाही, तर ०.३६. सरासरी जितकी कमी तितकं बरं. डोळे मिटून सगळीकडे ५० लिहिणाऱ्याला ०.२५ मिळतात, तेव्हा तुमची सरासरी त्याच्या वर गेली तर नाणं उडवणं परवडेल. तीसेक निर्णयांच्या आत आकड्याला अर्थ नाही, म्हणजे चार-सहा महिने धीर धरावा लागतो.

ही वही दोन कारणांनी मरते. निकाल लागल्यावर मागची तारीख टाकून भरली जाते. म्हणून सुटी पानं नकोत, शिवलेली, पानांना क्रमांक असलेली वही हवी. संच मात्र सुट्या पानांचा आहे. आणि वरच्या साहेबांनी वही अप्रेझलला मागितली की दुसऱ्याच आठवड्यापासून सगळे ६० टक्के लिहू लागतात. वही लिहिणाऱ्याचीच राहील, हे आधी ठरवून घ्या.

या चारही तक्त्यांत अमिग्डाला कुठेच लागत नाही, हे लक्षात आलं असेलच. मेंदूविज्ञानाने मॅनेजरला दिलेलं थोडकं आहे: झोप, ताण, आणि बक्षीस-अपेक्षेचं गणित. बाकी सगळं साध्या वर्तनाच्या प्रयोगांतून आलं आहे, त्यावर मेंदूचं लेबल लावलं की फी वाढते. पर्चेस, प्रोजेक्ट आणि प्लांटच्या माणसांना पाठवा. दोघांना एकत्र पाठवा, एकटा परतला की चिठ्ठ्या आठवडाभरात थांबतात. कंपनीत येऊन फक्त दुसरा दिवस घेण्याची सोय आहे, किमान १५ जण हवेत. पंधरा भरत असतील तर तीच घ्या.

राहिला मेंदूच्या लहरी मोजतो म्हणणारा कपाळाचा पट्टा. शेवटच्या तासात तो ११,८०० रुपयांना विकायला ठेवतात. घातल्यावर मोबाईलवर ‘फोकस स्कोअर’ येतो आणि ‘अमिग्डालाची शांतता दिसते’ असं सांगतात. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विजेच्या लहरी नोंदल्या, तंत्र खरं आहे. पण कपाळावरच्या चार कोरड्या टिकल्यांना मेंदूच्या खोल तळाशी असलेला अमिग्डाला दिसणं शक्य नाही. त्यांना सर्वांत जोरात ऐकू येतात ते पापण्या आणि कपाळाचे स्नायू. स्टॉलवरच करून पाहा: पट्टा घालून शांत बसा, आकडा बघा, मग दात आवळा आणि पापण्या भराभर मिटा. आकडा नाचतो. कोणाच्या आग्रहाला बळी पडून घेतलाच, तर परत करायची मुदत सात दिवसांची आहे आणि खोका फोडलेला चालत नाही.